परक्याचा उंबरठा आणि वधूवरांचें छायाचित्र

परभणी, सेलू, जिंतूर इकडील जुन्या घरांतून भिंतीवर एक छायाचित्र पुष्कळदां आढळतें. आजोबा कोट-टोपी घालून खुर्चीवर बसलेले, आजी नऊवारी नेसून शेजारीं उभी, आणि पाठीमागें रंगविलेला पडदा. पडद्यावर संगमरवरी कठडा असतो, कमान असते, कधीं कारंजेंही असतें. आमच्या काळ्या मातींत असला कठडा कोणीं पाहिला होता? तरी त्या जोडप्यास तो शोभून दिसे. आणि त्या कमानीआड कोणाचें घर नसल्यामुळें कोणाची हरकतही नसे.

हल्लीं तो पडदा गेला. विवाह ठरला कीं वधूवर छायाचित्रकारासह एखाद्या जुन्या शहराच्या पेठेंत जातात आणि तेथील खऱ्या कमानींखालीं उभीं राहतात. माझ्या भाचीचें लग्न ठरलें, तेव्हां तिनेंही पणजीचा बेत केला आणि स्थळ कोणतें निवडावें, म्हणून मला विचारलें. इतिहासाचा नाद असलेल्या मामाला असा प्रश्न विचारणें धोक्याचें असतें!

मला आधीं आठवले ते लाला दीनदयाळ. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि दीनदयाळ हे त्या दरबारचे छायाचित्रकार. त्यांनीं १८९२ सालीं हैदराबादेंत केवळ स्त्रियांसाठीं एक चित्रशाळा उघडली. सभोंवार उंच भिंती घातल्या आणि काम पाहावयास एक इंग्रज बाई नेमली. चित्र काढवून घेणाऱ्या स्त्रीचा एकांत राखण्याची तेव्हां एवढी दक्षता! आज चित्र काढवून घेणारीं भर रस्त्यांत उभीं असतात; एकांत मोडतो तो घरांत बसलेल्यांचा.

पणजीची फोंताइन्हास ही वस्ती पाहा. पश्चिमेस आल्तिन्योची टेकडी, पूर्वेस ओरेमची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत हीं घरें. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला हें नांव पडलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें नारळाची बाग होती. तिचा मालक आफ्रिकेंत पैसा मिळवून आलेला. लोक त्यास 'मोसमीकार', म्हणजे मोझांबिकवाला, म्हणत. पुढें रोगराईनें जुनें गोवें ओस पडत गेलें, १८४३ सालीं पणजी राजधानी झाली, आणि बागेच्या जागीं घरांच्या रांगा उठल्या.

जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलें, रस्त्यावर झुकलेले लोखंडी नक्षीचे सज्जे. पावसाळा सरला कीं घर रंगवावयाचें आणि पांढरा रंग देवालयासाठीं राखावयाचा, ही पोर्तुगीज अमदानींतील चाल. गोव्याचा पाऊस भिंतीचा रंग टिकूं देत नाहीं. तेव्हां जी निळी किंवा पिवळी भिंत आपणांस शृंगाराची पार्श्वभूमि वाटते, तें कोणा कुटुंबाचें वर्षानुवर्षांचें खर्चाचें काम आहे. त्या कुटुंबानें सकाळीं दार उघडावें, तों पायरीवर परकी नवरी बसलेली आणि खिडकीखालीं कपड्यांच्या पेट्या! कंटाळून तेथील रहिवाशांनीं छायाचित्रें काढूं नयेत अशा पाट्या लावल्या, यांत नवल तें काय?

तेथेंच सेंट सेबास्तियनचें लहानसें प्रार्थनामंदिर आहे. त्यांतील क्रूस मूळचा जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांतला. तें न्यायपीठ १८१२ सालीं मोडलें आणि क्रूस पुढें आदिलशहाच्या वाड्यांतून येथें आला. ज्या क्रूसानें तीं भयंकर दालनें पाहिलीं, त्याच्या दारांत गळ्यांत हात घालून हंसत उभें राहावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मला तें रुचत नाहीं.

भाचीला प्रकाशाचें गणित सांगितलें. टेकडी पश्चिमेस, म्हणून दुपार कलतांच गल्ल्यांवर सावली उतरते. चांगलें ऊन खाडीकडून येतें, तें सकाळचें. परंतु सकाळ हीच घरांतल्यांची लगबगीची वेळ. तेव्हां गल्लींतून चालतां चालतां एखादें चित्र घ्यावें, आणि घटका-दोन घटका उभें राहावयाचें तें खाडीच्या कांठीं. कोणाची पायरी हवीच असेल, तर दार वाजवून विचारावें. 'नको' म्हटलें तर पुढें जावें.

"आणि पणजीच कशाला?" असेंही मीं विचारलें. जिंतूर तालुक्यांत आमचें चारठाणें आहे. तेथें यादवकाळच्या धाटणीचीं देवळें आहेत, कोरीव स्तंभ आहे, पायऱ्यांची बारव आहे. मात्र तेथेंही देवळांभोंवतीं गांव नांदतें आहे. बायका पाण्याला जातात, म्हातारे ओट्यावर बसतात.

"म्हणजे तिथंही विचारायचंच कीं, मामा!" ती म्हणाली.

येत्या रविवारीं आम्ही जागा पाहून येणार आहों. नवरदेवास सुटी मिळाली, तर तोही येईल.