संगणकाचा दुय्यम पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच

दूरचित्रवाणी संच (टीव्ही) हा संगणकाचा दुय्यम पडदा म्हणून वापरता येतो. अशा जोडणीत संगणकाचा किंवा लॅपटॉपचा मूळ पडदा चालूच राहतो आणि टीव्हीवर त्याची प्रतिकृती किंवा त्याला लागून असलेली अधिकची जागा दिसते. एचडीएमआय जोडणी असलेला जवळपास प्रत्येक टीव्ही या कामी चालतो. मात्र टीव्हीची रचना दुरून पाहायच्या हलत्या चित्रांसाठी, तर मॉनिटरची रचना जवळून वाचायच्या मजकुरासाठी केलेली असते. टीव्हीवर अक्षरे पुसट दिसणे, चित्राच्या कडा कापल्या जाणे, माउसचा बाण हातामागून उशिरा सरकणे या नेहमीच्या अडचणींचे मूळ या फरकात आहे. त्यांपैकी बहुतेक अडचणी सेटिंग बदलून दूर होतात. पडद्यावरील पिक्सेलची घनता मात्र बदलता येत नाही.

इतिहास

घरगुती संगणकांच्या सुरुवातीच्या काळात टीव्ही हा बहुधा एकमेव पडदा असे. १९८२ साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ हे संगणक घरातील टीव्हीलाच जोडले जात. स्पेक्ट्रम आपल्या चित्राचे रूपांतर प्रसारण केंद्राच्या संकेतासारख्या रेडिओ संकेतात करून ते अँटेनाच्या जागी टीव्हीला पुरवी. त्याचे चित्र २५६ × १९२ पिक्सेलचे असे व एका ओळीत ३२ अक्षरे मावत. कमोडोर ६४ वर ४० अक्षरे मावत. त्याहून लहान अक्षरे सामान्य टीव्हीवर नीट वाचता येत नसत. भारतासह अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या पाल प्रणालीत चित्र ६२५ ओळींचे असले, तरी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाव्याने पाठवली जाई.

पुढे कार्यालयीन कामासाठी स्वतंत्र मॉनिटर रूढ झाले. १९८७ साली आलेल्या व्हीजीए मानकाने ६४० × ४८० पिक्सेलचे चित्र वेगळ्या तारेने मॉनिटरपर्यंत नेले आणि संगणक व टीव्ही यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश २ या संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडता येत; विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९८ पासून आली. डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेली एचडीएमआय जोडणी डीव्हीआय या संगणकांसाठीच्या डिजिटल जोडणीशी सुसंगत होती. त्यामुळे सपाट पडद्याचे टीव्ही व संगणक एकाच तारेने जोडणे पुन्हा सोपे झाले.

जोडणीचे प्रकार

सर्वांत प्रचलित प्रकार एचडीएमआय तारेचा आहे. या तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. म्हणून जोडणीनंतर आवाज अनेकदा आपोआप टीव्हीतून येऊ लागतो. तारेच्या दोन्ही टोकांना असलेल्या उपकरणांच्या क्षमतेवर चित्राचा दर्जा ठरतो. १.४ आवृत्तीत (२००९) ३८४० × २१६० पिक्सेलचे, म्हणजे ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवता येते. त्यामुळे माउसचा बाण धक्के खात सरकतो. २.० आवृत्तीत (२०१३) तेच चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवता येते. २.१ आवृत्ती (२०१७) त्याहून अधिक वेग देते.

केवळ यूएसबी-सी खाच असलेल्या लॅपटॉपसाठी रूपांतरक लागतो. मात्र त्या खाचेतून चित्र पाठवण्याची सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये नसते. व्हीजीए खाच असलेल्या जुन्या संगणकातून ध्वनी जात नाही, त्यासाठी वेगळी तार जोडावी लागते.

बिनतारी जोडणीसाठी २०१२ साली आलेले मिराकास्ट तसेच ॲपलच्या उपकरणांत एअरप्ले वापरले जाते. या पद्धतींत चित्र संकुचित करून पाठवले जात असल्याने थोडा विलंब होतो. सादरीकरण किंवा चित्रपट पाहणे यांसाठी त्या पुरेशा असल्या, तरी टंकलेखनासाठी तारेची जोडणी अधिक सोयीची ठरते.

पडद्यांची मांडणी

विंडोज ७ पासून विंडोज कळ व ‘पी’ कळ एकत्र दाबल्यास चार पर्याय मिळतात : केवळ संगणकाचा पडदा, प्रतिकृती, विस्तार आणि केवळ दुसरा पडदा. प्रतिकृतीत दोन्ही पडद्यांवर एकच चित्र असते. दोन्हींची पिक्सेलसंख्या वेगळी असल्यास एका पडद्याला ते चित्र ताणून किंवा आकसून दाखवावे लागते व अक्षरे पुसट होतात. विस्तारात प्रत्येक पडदा आपल्या मूळ पिक्सेलसंख्येवर चालतो. त्यामुळे दुसऱ्या पडद्याचा खरा लाभ याच पर्यायात मिळतो. एका पडद्यावर पाठ्यपुस्तक व दुसऱ्यावर टिपणे, किंवा एकीकडे व्याख्यान व दुसरीकडे सरावाचे उदाहरण अशी विभागणी त्यामुळे शक्य होते.

चित्र बिघडण्याची कारणे व उपाय

काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड लपाव्यात म्हणून चित्र किंचित मोठे करून दाखवले जाई. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्यांना त्याची गरज नसतानाही ही सवय अनेक संचांत टिकून आहे. त्यामुळे संगणकाची कार्यपट्टी कापली जाते आणि संपूर्ण चित्र ताणले गेल्याने अक्षरांच्या कडा बिघडतात. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय निवडल्यास हा दोष जातो.

रंगमाहितीतील काटकसर डिजिटल काळातही चालू आहे. ४:४:४ पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचा रंग स्वतंत्रपणे पाठवला जातो, तर ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलना मिळून एकच रंगमाहिती मिळते. चित्रपटात हा फरक सहसा जाणवत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरे मात्र फिसकटलेली दिसतात. बऱ्याच संचांत एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिल्यास किंवा तसा चित्रप्रकार निवडल्यास पूर्ण रंगमाहिती दाखवली जाते.

काळा रंग राखाडी दिसणे किंवा गडद भाग एकमेकांत मिसळणे हे रंगव्याप्तीच्या विसंगतीचे लक्षण असते. संगणक ० ते २५५ ही, तर व्हिडिओ १६ ते २३५ ही व्याप्ती वापरतो. संगणक व टीव्ही या दोहोंत एकच व्याप्ती निवडावी लागते. टीव्ही चित्र आकर्षक करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो व त्यात वेळ जातो. ‘गेम’ प्रकार निवडल्यास ही प्रक्रिया कमी होऊन विलंब घटतो. कृत्रिम रेखीवपणा कमी केल्यास अक्षरांभोवतीची पांढरट कडाही नाहीशी होते.

पिक्सेल घनता व अंतर

एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर मजकुराची सुवाच्यता अवलंबून असते. १९२० × १०८० पिक्सेलच्या २४ इंची मॉनिटरची घनता सुमारे ९२ असते. तेवढ्याच पिक्सेलच्या ३२ इंची टीव्हीची सुमारे ६९, तर १३६६ × ७६८ पिक्सेलच्या ३२ इंची टीव्हीची केवळ ४९ भरते. ४३ इंची ४के टीव्हीची घनता सुमारे १०२, म्हणजे त्या मॉनिटरहून अधिक असते.

निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो, असे मानले जाते. या हिशेबाने पिक्सेल वेगवेगळे दिसू नयेत यासाठी ४३ इंची ४के टीव्हीपासून सुमारे ८५ सेंटिमीटर, १०८० ओळींच्या ३२ इंची टीव्हीपासून सव्वा मीटर आणि ७६८ ओळींच्या ३२ इंची टीव्हीपासून पावणेदोन मीटर अंतर लागते. एवढ्या अंतरावरून अक्षरे मोठी करावी लागतात, त्यामुळे पडदा मोठा असूनही त्यात मजकूर कमी मावतो. देवनागरीत अनुस्वार, रफार व जोडाक्षरे यांचे अवयव लहान असल्याने कमी घनतेच्या पडद्यावर ते लवकर अस्पष्ट होतात. त्यामुळे असे टीव्ही व्याख्याने, चित्रे व सादरीकरणे यांसाठी उपयोगी असले, तरी दीर्घ वाचन व लेखन मुख्य पडद्यावर करणे सोयीचे ठरते.

मर्यादा

संगणक निद्रावस्थेत गेल्यावर मॉनिटर आपोआप झोपतो व जागा होतो. टीव्ही बहुधा रिमोटनेच चालू-बंद करावा लागतो. टीव्ही बंद केल्यावरही काही संगणकांना तो जोडलेलाच वाटतो व एखादी खिडकी न दिसणाऱ्या पडद्यावर अडकून राहते. विंडोजमध्ये ती निवडून विंडोज, शिफ्ट व बाणाची कळ एकत्र दाबल्यास मुख्य पडद्यावर आणता येते. ओलेड संचांत कार्यपट्टीसारखे स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो. शिवाय बहुतेक टीव्हींच्या पायांची उंची कमी-जास्त करता येत नाही. टेबलाजवळ ठेवलेल्या मोठ्या संचाच्या कडांकडे पाहण्यासाठी मान वारंवार वळवावी लागते.