आपले सणवार : जोयडा भागातील कुणबी घरांची वर्षभराची रीत

बाजारकुणंग हे जोयडा तालुक्यातील गाव. हा तालुका पूर्वी सुपा नावाने ओळखला जाई. काळी नदीवरचे सुपा धरण 1987 मध्ये पूर्ण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि अनेक कुटुंबे रामनगरला वसवली गेली. आज आपली मुले कामाधंद्यासाठी गोवा, बेळगाव, हुबळी, पुणे अशी पांगली आहेत. घरात कोंकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड, अशी आपली सवय. सणांची माहिती मात्र कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळत नाही. ती सभासदांच्या घरी हाताशी असावी म्हणून ही नोंद. रीत गावागणिक, कुळागणिक बदलते. आपल्या गावकार-बुधवंतांनी सांगितलेली रीत हीच आपल्या घरासाठी प्रमाण समजावी.

चैत्र ते ज्येष्ठ : बेगमीचे दिवस

चैत्र शुद्ध प्रतिपदेला संवसार पाडवा. पाडव्यानंतर घरातल्या बायकांच्या कामाला उसंत नसते. भिरंडाची सोले वाळवणे, फणसाचे पापड, आठळ्या साठवणे, सुकी लाकडे रचणे ही सगळी पावसाळ्याची बेगमी. 7-8 जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. तोवर बियाणे, नांगर, इरली तयार हवीत.

आषाढ-श्रावण : लावणी आणि नागपंचमी

लावणीच्या दिवसांत मोठा सण नसतो, कारण सगळे हात शेतात असतात. ताटात टायकिळा, अळू, कोवळे कोंब आणि रानातली अळमी येतात. काही अळमी वाळवीच्या वारुळावर, म्हणजे रोयणीवर उगवतात. रोयण हे सातेरीचे रूप मानले जाते. म्हणून अळमी काढताना रोयण मोडू नये, असे वडीलधारे सांगतात. श्रद्धेतून आलेला हा नियम उपयोगाचाही आहे. वारूळ शाबूत राहिले तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा अळमी मिळतात.

नागपंचमीला जमीन नांगरत नाहीत, खणत नाहीत, विळी-कोयता चालवत नाहीत. तांदळाचे पीठ हळदीच्या पानावर थापून, आत गूळ-खोबरे भरून वाफवलेल्या पातोळ्या या दिवशी करतात.

भाद्रपद : चवथ

पांगलेले घर एकत्र येते ते चवथीला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळे, वेली, रानफुले बांधतात. ती माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगण, दोडकी या परसातल्या वस्तू. कवंडाळ, घागऱ्या, कांगलां, माट्टी ही रानातली. माटोळी बांधताना मुलांना प्रत्येक फळाचे नाव, ते कुठे मिळते आणि विषारी आहे का, हे सांगितले जाते. कवंडाळ दिसायला सुंदर, पण खायचे नसते. हे ज्ञान देण्याची दुसरी वेळ वर्षात सहसा येत नाही.

इथे आजची अडचणही नोंदवायला हवी. तालुक्यातील मोठे वनक्षेत्र 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. दांडेली-अणशी हे त्याचे तेव्हाचे नाव 2015 मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प झाले. संरक्षित रानातून वस्तू आणण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे माटोळीच्या वेली परसात किंवा कुंपणाला लावून ठेवणे शहाणपणाचे.

नैवेद्याला नेवऱ्या, पातोळ्या, आणि अनेक भाज्या-कंद एकत्र शिजवलेले खतखते.

आश्विन-कार्तिक : नवे, दिवाळी, तुळस

भाताची पहिली लोंबी देवाला वाहून दाराला बांधली जाते. हे नवे. नवे झाल्याखेरीज नवा तांदूळ शिजवायचा नाही, अशी रीत. दसऱ्याला आपट्याची पाने.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग करून तुळशीपुढे कारीट पायाने फोडतात. मग नव्या भाताच्या पोह्यांचे प्रकार खातात. पाडवा हा गोरवांचा. गुरांना धुऊन, माळा घालून गोड घास देतात आणि त्या दिवशी जोखड ठेवत नाहीत. कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीचे लग्न, सोबत ऊस, आवळा, चिंच. त्यानंतर घरातल्या लग्नांची बोलणी सुरू होतात.

पौष-माघ : कंद आणि धालो

हिवाळ्यात कंद निघतात. मुडली, कोन, काटे कणंग, झाड कणंग ही नावे आपल्या तालुक्याची ओळख आहेत. जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. उत्तम कंद खायला काढण्याआधी बियाण्याला बाजूला ठेवणे ही थोरांची शिस्त. वाण टिकते ते त्यामुळे.

पौषात बायकांचे धालो. रात्री मांडावर दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून, वाकत-उठत गातात. पाच, सात किंवा नऊ रात्री हा खेळ चालतो. शेवटच्या दिवशी सोंगे घेतात, फुगड्या घालतात.

माघात उळवीला चन्नबसवेश्वरांची जत्रा भरते. ती लिंगायत भाविकांची. धारवाड-बेळगावकडून येणाऱ्या बैलगाड्या आपल्याही आठवणीचा भाग आहेत.

फाल्गुन : शिगमो

शिगमो मांडावरच सुरू होतो आणि मांडावरच संपतो. वाद्यांत घुमट, शामेळ, कासाळे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचे कातडे वापरतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो याच बदलानंतर. साधन बदलले, ताल राहिला.

दूरच्या एका देशाचे उदाहरण

आयर्लंडमध्येही वर्ष शेतीवर आणि गुरांवर बेतलेले होते. 1 फेब्रुवारीला लव्हाळ्याचा क्रॉस विणून दाराला लावतात, 1 मेला उन्हाळा सुरू होतो, 1 ऑगस्टला पहिले पीक, 31 ऑक्टोबरच्या रात्री हिवाळा. आपली दारावरची लोंबी त्यांना परकी वाटणार नाही. 1937 ते 1939 या काळात तिथल्या सुमारे 5,000 शाळांतील मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून रीती, गोष्टी, औषधे वह्यांत उतरवली. त्या वह्या जपल्या गेल्या आणि आज कोणालाही वाचता येतात.

आपल्याकडे धालोची गाणी लिहिलेली नाहीत. ती गाणाऱ्या आज्या-माम्या वयस्क झाल्या आहेत आणि नाती शहरात वाढत आहेत. त्यामुळे सभासदांनी येत्या चवथीला घरी जमल्यावर इतके करावे :

1. माटोळीतल्या प्रत्येक फळाचे आपल्या बोलीतले नाव लिहावे, शेजारी छायाचित्र लावावे.
2. आजीच्या तोंडची धालोची गाणी तिला विचारून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत. शब्द जसे उच्चारले तसे लिहावेत, शुद्ध मराठी करू नये.
3. नवे, शिगमो आणि कुळाच्या देवाचे दिवस कुठल्या तिथीला, कोणाच्या हातून होतात ते नोंदवावे.
4. गावाच्या मांडावर काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. त्या लिहू नयेत, हेही मुलांना सांगावे.

एका घराची एक वही भरली तरी पुरे. दुसऱ्या गावात तीच रीत वेगळी असेल, तर दोन्ही वह्या ठेवाव्यात.