लोकलायझेशन कंपनीत नोकऱ्या नेमक्या कुठे वाढतात?

वसईत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीचं मराठीत एम.ए. झालंय. तिला घरबसल्या अनुवादाचं काम मिळतंय, पण तिचा प्रश्न होता, ‘दादा, हे सगळं आता एआयच करणार ना?’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अ‍ॅप मराठीत आणणाऱ्या टीमसोबत काम करतो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

लोकलायझेशन म्हणजे काय?

अनुवादात मजकूर बदलतो. लोकलायझेशनमध्ये तारीख, चलन, लिपी आणि स्क्रीनवरची जागाही बघावी लागते. इंग्रजीत ‘जॉइन्ड’ एकदाच लिहिलं की झालं. मराठीत ‘सामील झाला’ की ‘झाली’ हे अ‍ॅपला कसं कळणार? एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. देवनागरीत सहसा ७०च, आणि त्यात काना-मात्राही वेगळी मोजली जाते!

मागणी का आहे?

गुगल-केपीएमजीच्या २०१७ च्या अहवालानुसार, २०१६ मध्ये भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी होते, तर इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ सुरू केलं.

कामं कोणती?

• पोस्ट-एडिटर: मशीनने केलेला कच्चा अनुवाद दुरुस्त करतो. यासाठी आयएसओ १८५८७ हे वेगळं मानक २०१७ मध्ये आलं.
• रिव्हायझर: आयएसओ १७१०० नुसार अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून पाहणं बंधनकारक आहे.
• टेस्टर: अ‍ॅप उघडून तुटलेली अक्षरं, चुकलेलं लिंग-वचन शोधतो.
• लोकलायझेशन इंजिनिअर: कोडमधला मजकूर वेगळा काढतो आणि अनुवाद परत बसवतो.

माझ्या अनुभवात मशीन पहिला खर्डा करतं, त्यामुळे नुसत्या अनुवादाचा दर खाली येतो. तपासणाऱ्याची गरज मात्र संपत नाही. ‘झाला’ की ‘झाली’ हे शेवटी माणसालाच बघावं लागतं.

हो म्हणण्याआधी काय विचाराल?

दर बहुतेकदा शब्दावर असतो. पण ‘ट्रान्सलेशन मेमरी’त आधी साठवलेलं वाक्य पुन्हा आलं, तर त्याचे पैसे कमी मिळतात. म्हणजे १०,००० शब्दांचं काम असलं तरी पूर्ण दराचे शब्द बरेच कमी असू शकतात. त्यामुळे नवे शब्द किती, पोस्ट-एडिटिंगचा दर शब्दावर की तासावर, पैसे किती दिवसांत मिळणार, हे तिन्ही ईमेलवर लेखी घ्या.

बहिणीने काम घेतलंय, पण दर लेखी आल्यावरच. विरार लोकलची धक्काबुक्की वाचली हा वरचा फायदा. सोबत ती टेस्टिंगही शिकतेय. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.