मोटारीचा एसी : विद्युत दोषनिदान

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील बिघाड विजेच्या मार्गात आहे का, आणि असल्यास नेमका कोठे, हे मोजमाप करून ठरवण्याची पद्धत. एसी थंड करीनासा झाला की पहिला संशय गॅसवर जातो. पण फ्यूज, रिले, वायर किंवा अर्थ यांपैकी एक निकामी झाले तरी लक्षण तेच दिसते : ब्लोअर वारा देतो, वारा गार नसतो. उलट, गॅस गळून दाब उतरला की प्रेशर स्विचच कॉम्प्रेसरची वीज तोडतो, त्यामुळे गळतीही वरकरणी विजेचा दोष वाटते. या दोन शक्यता वेगळ्या करणे हे निदानाचे पहिले काम होय. ते न करता गॅस भरला किंवा कॉम्प्रेसर बदलला, तर ग्राहकाचा खर्च होतो आणि दोष जागेवरच राहतो.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांत एसी दिला, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लच नव्हता; एसी बंद ठेवायचा तर पट्टा काढावा लागे. पुढे विद्युतचुंबकीय क्लच आला, कॉम्प्रेसर बटणावर चालू लागला आणि त्याबरोबर विजेच्या दोषांनाही वाट मिळाली.

वीजमार्ग : इंजिन चालू असताना कॉम्प्रेसरची पुली सतत फिरते. क्लच कॉइलला वीज मिळाली की ती समोरची पोलादी तबकडी पुलीकडे खेचते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर लागतो. ही वीज बॅटरी, फ्यूज, रिले, कॉइल आणि अर्थ या क्रमाने जाते. रिलेला हुकूम देणारा मार्ग वेगळा. त्यात एसीचे बटण, ब्लोअर स्विच, प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलवरचा तापमान सेन्सर आणि नव्या गाड्यांत इंजिनचा ईसीयू (नियंत्रण संगणक) येतो. दाब साधारण २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या आसपास चढला की प्रेशर स्विच मार्ग तोडतो. कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून सेन्सरच्या सूचनेवरून कॉम्प्रेसर कट होतो. इंजिन फार तापले, तर ईसीयू तो सोडतो. म्हणून कॉम्प्रेसर सुटला म्हणजे बिघाडच झाला, असे समजू नये.

तपासणीचा क्रम : (१) बॅटरी मोजावी; इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. (२) गेज लावून गॅसचा दाब पाहावा. आर-१३४ए वायूच्या बंद यंत्रणेत २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८० पीएसआय दाब असतो. एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे हे ठरत नाही. यंत्रणा रिकामी नाही एवढेच कळते. (३) फ्यूज नुसता डोळ्यांनी न पाहता दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून तपासावा. (४) रिले काढून त्याच्या जागी त्याच क्रमांकाचा, उदाहरणार्थ हॉर्नचा, रिले घालून पाहावा. (५) तरीही क्लच लागत नसेल, तर इंजिन बंद ठेवून रिलेच्या सॉकेटमधील ३० आणि ८७ ही टोके फ्यूज असलेल्या वायरने क्षणभर जोडावीत. ‘टक्’ आवाज आला तर कॉइल आणि पुढची वायर चालू आहे. दोष हुकुमाच्या बाजूला शोधावा. आवाज आला नाही, तर वायर, कॉइल आणि अर्थ तपासावेत. चांगल्या कॉइलचा रोध बहुधा ३ ते ५ ओहम भरतो. अनंत दाखवला तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट झालेली असते.

भाराखालचे मोजमाप : अनेक निदाने येथे फसतात. क्लचचा कपलर सुटा करून मल्टिमीटर लावला की पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात आणि दोष कॉइलवर ढकलला जातो. कपलर जोडून, कॉइल सुमारे ३ ते ४ अँपिअर ओढत असताना मागून पिना टोचल्या, तर तेच मोजमाप १० व्होल्टवर आलेले आढळू शकते. हरवलेले व्होल्ट वाटेतल्या काळवंडलेल्या टोकात किंवा अर्थच्या बोल्टखालच्या गंजात खर्च होतात. बॅटरीची ऋण बाजू आणि कॉइलची अर्थ यांत भाराखाली ०.२ व्होल्टहून जास्त फरक असेल, तर अर्थ उघडून घासून घट्ट करावी. कोकणाच्या दमट, खाऱ्या हवेत हा दोष नेहमीचा असतो.

लक्षणांवरून अंदाज : सकाळी चालणारा क्लच अर्ध्या तासाने सुटत असेल, तर तापल्यावर कॉइलचा रोध वाढतो आणि कमी झालेली ओढ झिजलेल्या तबकडीची फट मिटवू शकत नाही, असे असू शकते; फट फीलर गेजने मोजावी. ती बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. गाडी धावताना गारवा आणि सिग्नलवर उकाडा, असे असेल तर कंडेन्सरच्या पंख्याची मोटर, रिले व वायर पाहावी. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता मोठी.

क्लच नसलेले कॉम्प्रेसर : काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि त्याची क्षमता विद्युत झडप बदलते. तेथे ‘टक्’ आवाजाची वाट पाहणे व्यर्थ. स्कॅनरवर दाबाचे आकडे आणि झडपेला जाणारा सिग्नल पाहावा. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरची टोके कधीही एकमेकांना जोडू नयेत. ५ व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होऊन ईसीयूला इजा पोहोचू शकते.

दक्षता : प्रेशर स्विचची टोके थेट जोडून (डायरेक्ट करून) गाडी चालवू नये. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरते. गॅस नसताना तो फिरला की कोरडा पडून जाम होतो. पुन्हा उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नये. शॉर्ट शोधावा, नाहीतर वायरिंग जळते. इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय आणि वीजपुरवठा तोडल्याशिवाय हात लावू नये.