व्ही. के. मूर्ती : सावलीचा अक्कास

फोटोग्राफरला उर्दूत ‘अक्कास’ म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब, आणि ते टिपणारा तो अक्कास. मराठीत आपण ‘छायाचित्रकार’ म्हणतो, म्हणजे सावलीचं चित्र काढणारा. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र प्रकाश आहे, प्रकाशाने लिहिणं. वर्गात हे तीन शब्द मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. काम एकच, पण इंग्रजीला त्यात उजेड दिसला, उर्दूला आरसा आणि मराठीला सावली. हिंदी सिनेमात एक माणूस असा होऊन गेला, की त्याला हे तिन्ही शब्द सारखेच शोभतात. त्याचं नाव व्ही. के. मूर्ती.

गुरुदत्तविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. त्याचं एकटेपण, त्याचा अकाली मृत्यू, ‘प्यासा’तला शायर आणि ‘कागज के फूल’मधला हरलेला दिग्दर्शक, सगळं त्यात येतं. मूर्तींचं नाव बहुधा एका वाक्यात उरकलं जातं. मला हे अपुरं वाटतं. ज्या उदासीला आपण गुरुदत्तची उदासी म्हणतो, ती पडद्यावर कुणीतरी हातांनी उभी केली होती. दिवे, काळं कापड, आरसे आणि हिशेब यांतून ती आली. तो इतिहास श्रमाचाही आहे.

मूर्तींचा जन्म 1923 चा, म्हैसूरचा. बंगळूरच्या पॉलिटेक्निकमधून त्यांनी 1946 मध्ये छायाचित्रणाची पदविका घेतली. ते व्हायोलिनही वाजवायचे. मुंबईत आल्यावर फली मिस्त्री यांच्यासारख्या जाणत्या कॅमेरामनच्या हाताखाली त्यांनी काम केलं. 1951 च्या ‘बाजी’त ते सहायक होते. तिथे त्यांनी सुचवलेला एक शॉट गुरुदत्तला इतका आवडला, की पुढच्याच ‘जाल’मध्ये (1952) त्याने कॅमेरा त्यांच्याकडे सोपवला. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीची ती गोष्ट. तिथून दोघांची जोडी जमली.

सावली काही मूर्तींनी शोधून काढली नव्हती. जोसेफ विर्शिंग हा जर्मन छायाचित्रकार 1930 च्या दशकात बॉम्बे टॉकीजसाठी मालाडला आला. कमाल अमरोहींचा ‘महल’ (1949) त्यानेच चित्रित केला. ओसाड हवेली, झुलता झोपाळा आणि भिंतीवर सरकणाऱ्या छाया त्या पिढीने पाहिलेल्या होत्या. पण ‘महल’मधला अंधार मुख्यतः भीतीचा आणि गूढाचा आहे. मूर्तींनी अंधाराला माणसाच्या आतल्या अवस्थेचं काम दिलं.

त्यासाठी तेव्हाचं तंत्र थोडं समजून घ्यायला हवं. त्या काळची फिल्म आजच्यासारखी संवेदनशील नव्हती. तिच्यावर काही उमटायला भरपूर उजेड लागायचा. त्यामुळे अंधार हवा म्हणून दिवे मालवून भागत नसे. आधी मोठमोठे दिवे लावायचे आणि मग काळं कापड किंवा फळी मध्ये धरून नको तिथला उजेड अडवायचा. अर्ध्या चेहऱ्यावर पडलेली सावली म्हणजे उरलेली जागा नव्हे. तिथे कुणीतरी मुद्दाम उजेड पोहोचू दिलेला नसतो. त्या दिव्यांजवळ घामाघूम होऊन उभ्या असलेल्या लाइटमनची नावं आपल्याला माहीत नाहीत.

‘कागज के फूल’ (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. एवढा रुंद पडदा भरायचा कसा, हा प्रश्नच होता. मूर्तींनी तो बऱ्याच ठिकाणी भरलाच नाही, अंधारात सोडला. रिकाम्या स्टुडिओत सुरेश आणि शांती, म्हणजे गुरुदत्त आणि वहीदा रेहमान, समोरासमोर उभे आहेत. वरून उन्हाचा एक जाड, तिरपा झोत खाली उतरतो. गीता दत्तचा आवाज, कैफी आझमींचे शब्द, सचिनदेव बर्मन यांचं संगीत. दोघे जागचे हलत नाहीत, पण त्यांच्या देहांतून निघालेल्या छायाकृती त्या झोतात एकमेकांना भेटतात.

तो झोत दिव्याचा नाही. दिव्याचे किरण पुढे जाताना पसरतात, सूर्याचे किरण मात्र जवळजवळ समांतर येतात. गुरुदत्तला खरं ऊन हवं होतं आणि ते बंद स्टुडिओत हवं होतं. मूर्तींनी एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला. त्याने पकडलेलं ऊन आत उंचावर लावलेल्या दुसऱ्या आरशावर पाठवलं आणि तिथून खाली उतरवलं. म्हणजे पडद्यावर आपण पाहतो तो सूर्याचा अक्स आहे, तोही दोनदा परतलेला. अक्कास हा शब्द यापेक्षा शब्दशः कुणाला लागू पडावा?

‘प्यासा’ (1957) मधला शेवटाकडचा प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. मेला असं समजून एका शायराची आठवण साजरी होते आहे. सभागृह भरलेलं आहे. आणि तो स्वतः मागच्या दारात, दोन्ही हात पसरून उभा राहतो. उजेड त्याच्या पाठीमागे आहे. त्यामुळे देहाची कड उजळते आणि चेहरा काळोखात राहतो. ज्याच्या नावाने लोक गहिवरतात, तोच जिवंत समोर आला तर त्यांना दिसतो तो एक काळा आकार. लेखकाला जे सांगायला पानभर लागलं असतं, ते दिव्याच्या जागेनेच सांगितलं.

पण माझ्या मनातून जात नाही तो ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962). बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरचा, कोसळत्या जमीनदारीचा हा चित्रपट. त्यात हवेलीतली एक मैफल आहे. मधे मीनू मुमताज नाचते, तिच्यावर स्वच्छ उजेड. तिच्याभोवती इतर नर्तकी नाचतात आणि त्या गाणंभर सावलीत आहेत. हात हलतात, पदर फिरतात, पण चेहरा एकीचाही दिसत नाही. उजेडाची हद्द जणू जमिनीवर आखून दिली आहे. दिग्दर्शकाच्या आणि कॅमेरामनच्या मनात त्या वेळी काय होतं, ते असो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला त्यात हवेलीची सगळी व्यवस्था दिसते. जमीनदाराची नजर जिच्यावर, तिला उजेड. बाकीच्यांनी फक्त ताल धरायचा.

या चित्रपटासाठी आणि ‘कागज के फूल’साठी मूर्तींना फिल्मफेअर मिळालं. 1964 मध्ये गुरुदत्त गेला आणि जोडी तुटली. मूर्ती काम करत राहिले. त्यांचे सहायक होते गोविंद निहलानी. ‘आक्रोश’ (1980) मध्ये विजय तेंडुलकरांनी लिहिलेला लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. त्याची चुप्पी निहलानींनी स्वतःच कॅमेऱ्यातून पकडली. ती नजर कुठे घडली, हे वेगळं सांगायला नको. पुढे 1988 मध्ये निहलानींनी भीष्म साहनींच्या फाळणीवरच्या कादंबरीवरून दूरदर्शनसाठी ‘तमस’ केला, तेव्हा छायाचित्रणात मूर्ती त्यांच्या सोबत होते. तमस म्हणजे अंधार. ती मालिका थांबवावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि प्रक्षेपण कायम राहिलं. काही अंधार दाखवावाच लागतो, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. हा पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रकार. 1969 पासून दिला जाणारा हा पुरस्कार ज्यांच्या नावाचा आहे, ते फाळके स्वतः आधी फोटोग्राफर होते. तरी कॅमेऱ्यामागच्या माणसाला त्यासाठी सुमारे चार दशकं थांबावं लागलं. 2014 मध्ये मूर्ती बंगळूरला वारले.

आता काळजी निराळी आहे. जुने कृष्णधवल चित्रपट रंगवून पुन्हा आणले जातात. 2004 मध्ये ‘मुग़ल-ए-आज़म’ तसा आला. लोकांनी तो आनंदाने पाहिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे मूळ कॅमेरामनने काळं ठेवलं होतं, तिथे दुसऱ्याच कुणीतरी रंग ठरवला. माझे विद्यार्थी मोबाइलची ब्राइटनेस पूर्ण वाढवून ‘प्यासा’ पाहतात आणि विचारतात, “सर, इतकं अंधारं का आहे?” प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर पडदा उजळून मिळणार नाही.

इतिहासाच्या पुस्तकातही कुणावर उजेड पाडायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून मी मुलांना ती मैफल दाखवतो आणि सांगतो, मधल्या बाईकडे एकदा पाहून झालं की पुढच्या वेळी कडेला पाहा. तिथेही कुणीतरी नाचतं आहे.