स्तूपांखालची नावं

कोपर्निकस मार्गावर जुन्या महाराष्ट्र सदनाच्या आसपास मराठी माणसांच्या गप्पा पुरातत्त्वावर गेल्या, की मला ठरलेलं नाव ऐकू येतं ते ह. धी. सांकलियांचं. रास्तच आहे. बायकांचा विषय निघाला तर देबला मित्रा. १९८१ ते १९८३ या काळात याच दिल्लीत त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालक होत्या, त्या पदावरची पहिली महिला. त्यांनी रत्नागिरीला उत्खनन केलं असं सांगितलं की कोकणातले लोक कान टवकारतात. पण ती रत्नागिरी ओडिशातली, बौद्ध विहारांची.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या शोभना गोखले (१९२८-२०१३) यांचं नाव मात्र या गप्पांत येत नाही. याचं एक कारण मला दिसतं. पुरातत्त्व म्हटलं की लोकांना खड्डा, कुदळ आणि मातीतून वर येणारं मडकं दिसतं. गोखले बाईंचं क्षेत्र पुराभिलेख आणि नाणी. इथे ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, शाई फिरवून ठसा घ्यायचा आणि मग अक्षराच्या वळणावरून शतक ठरवायचं. ‘म’चा पोट किती गोल, ‘र’ची शेपटी किती लांब, यावर वाद घालणाऱ्यांचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही.

मावळातल्या पाले गावच्या लेण्यातला छोटा ब्राह्मी लेख सांकलिया आणि गोखले यांनी मिळून प्रसिद्ध केला. इंदरक्षित नावाच्या भदंताने लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, करवून घेतलं, एवढाच मजकूर. पण सुरुवात आहे ‘नमो अरहंतानं’ अशी. ‘अर्हत’ हा शब्द बौद्धांचाही आहे, त्यामुळे एकट्या शब्दावर काही ठरत नाही. पण लेखाच्या आरंभी असं नमन मथुरेच्या जैन लेखांत आणि खारवेलाच्या हाथीगुंफेत सापडतं. महाराष्ट्रातल्या जैन धर्माचा इतिहास या दोन शब्दांनी कितीतरी मागे गेला.

त्यांचं सर्वांत मोठं काम मला कान्हेरीचं वाटतं. बोरिवलीच्या जंगलातली ही शंभरावर लेणी. इथल्या लेखांत सोपारा-कल्याणचे व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, आणि अकराव्या शतकात इथे येऊन पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेलेले पारशीही आहेत. या सगळ्यांहून निराळी जागा म्हणजे डोंगराच्या कुशीत, पुढे झुकलेल्या खडकाखाली असलेली विटांच्या स्तूपांची रांग. बहुतेक स्तूप ढासळलेले. विहारात देह ठेवलेल्या भिक्षूंची ही स्मारकं. तिथल्या दगडांवरचे सव्वीस स्मृतिलेख गोखले बाईंनी वाचले. कुणी थेर, कुणाला अर्हत म्हटलेलं, कुणाला अनागामी, म्हणजे पुन्हा या लोकी न येणारा.

लेण्यांमधल्या लेखांत एरवी देणगीदार बोलतो: मी अमक्याचा मुलगा, मी हे टाकं दिलं, मी ही खोली दिली. ज्यांच्यासाठी दिलं ते त्या देणगीत सहसा एक संघ म्हणून येतात, बिननावाचे. इथे ती माणसं एकेकटी, आपापल्या नावाने समोर येतात. कान्हेरी म्हणजे कोरीव खांब आणि मोठे बुद्ध, ही माझी शाळेच्या सहलीपासूनची समजूत या सव्वीस ओळींनी बदलली. इथे माणसं म्हातारी होत होती, मरत होती, आणि मागे राहिलेले त्यांची नावं दगडावर लिहून ठेवत होते.

कान्हेरीच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९९१ साली इंग्रजीत आला. त्याआधीच, १९७५ साली, त्यांनी ‘पुराभिलेखविद्या’ हे पुस्तक मराठीत लिहिलं होतं. माझ्या मते ही निवड साधी नव्हती. या विषयातली प्रतिष्ठा इंग्रजी शोधनिबंधांत होती. मराठीत लिहिलं तर परदेशातला अभ्यासक वाचणार नाही, हे उघड होतं. वाचणार तो तालुक्याच्या गावातला इतिहासाचा विद्यार्थी, गावाबाहेरच्या शिळेवरची अक्षरं पाहून अडलेला एखादा शिक्षक. लिपी कशी बदलत गेली, ठसा कसा घ्यायचा, लेखातला काळ कसा ओळखायचा, हे त्याला त्याच्या भाषेत मिळावं म्हणून हे पुस्तक.

कान्हेरीच्या त्या स्तूपांवर दर पावसाळ्यात खडकावरून पाणी झिरपतं. दगड सुटतो, अक्षराची कड जाते. त्यातली काही नावं पुढे दगडावर वाचता येणार नाहीत. ती गोखले बाईंच्या वाचनात सापडतील.