चौदा वर्षांची अट आणि ‘घरच्या कामा’ची पळवाट

मुलांसाठी कायदा केला की शासन उपकार केल्याच्या थाटात बोलते. आम्ही अशा प्रत्येक कायद्याला एकच प्रश्न विचारतो : या कायद्याने मूल बापाच्या जातधंद्यातून सुटले, की त्यातच बांधले गेले?

1917 साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. या दंडाची गोष्ट सगळे सांगतात. पण महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला आधार दिला आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, हे सोयीने विसरले जाते. सक्ती करायची तर शाळेचे दार आधी उघडे हवे, हे त्या राजाला कळत होते.

12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. शिक्षणावरच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार फीमधून वसूल करते, हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे त्यांनी सुनावले. खालच्या वर्गांना शिक्षण स्वस्तात स्वस्त मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी होती.

23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. हे बंधन फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवा, अशी सूचना एका सदस्याने मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद साधा होता : चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावायचे नाही असे संविधान म्हणते, तर त्या वयापर्यंत मुलाला कुठल्या तरी शिक्षणसंस्थेत ठेवण्याची जबाबदारीही राज्याने घेतली पाहिजे. मजुरीवरची बंदी आणि शाळेची हमी यांची गाठ त्यांनी अशी मारली.

पुढे काय झाले? कलम 45 ने दहा वर्षांची मुदत दिली. ती 1960 साली संपली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. मधल्या पन्नास वर्षांत कोणाची मुले शाळेबाहेर राहिली, हे वेगळे सांगायला नको.

1986 च्या बालमजुरी कायद्याने ठरावीक कामांवरच बंदी घातली होती. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील सर्व मजुरीवर बंदी आणली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या बिगर-धोकादायक व्यवसायात मुलाने मदत करायला मुभा ठेवली. कागदावर ही मुभा निरुपद्रवी दिसते. पण या देशात कुटुंबाचा व्यवसाय बहुधा जातीने ठरवलेला असतो. व्यापाऱ्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो, तेव्हा तो मालकी शिकतो. चामडे कमावणाऱ्याचा, विडी वळणाऱ्याचा, झाडूकाम करणाऱ्याचा मुलगा घरच्यांना ‘मदत’ करतो, तेव्हा तो काय शिकतो? आईबापांबरोबर उसाच्या फडात गेलेल्या मुलीची शाळा कधी सुटते आणि सुट्टी कधी लागते, हे कोणता निरीक्षक तपासणार?

आईबापांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांची मजुरी पोट भरण्याइतकी नाही, म्हणून मुलाचे हात लागतात. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : ही मुभा काढा, आणि त्याच वेळी पुरेशी मजुरी, वसतिगृहे व वेळेवर शिष्यवृत्ती द्या. बाबासाहेबांनी मारलेली गाठ सोडण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.